मंगळावर बाया नसतात

कळसाडी, ता. शहादा
४ जानेवारी २०२५

एस्तेर,

तू माझा नंबर बंद केलास. दुसऱ्या नंबरवरून केला, तो पण बंद केलास. धर्मेंद्रच्या फोनवरून केला तर त्याचा पण केलास. त्या बिचाऱ्याने तुझं काय वाकडं केलं होतं? कॅमेरा धरला एवढंच. म्हणून आता वहीचं पान फाडून बसलो आहे. कॉलेज सोडल्यापासून पेन हातात धरलं नव्हतं, अक्षर बघून हसू नकोस.

‘मंगळ मुक्काम’चा दुसरा भाग करतो आहे. पहिल्याला गावाने काय नावं ठेवली ते तुला माहीत आहे. पारावर अजून मला कॅप्टनच म्हणतात. काल छगनकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "कॅप्टन, उसले पानी कव्हय दिशी? का मंगळवरथीन नळी आनशी?" मी त्यांच्या हातातला चहा सांडला. मुद्दाम.

गोष्ट अशी आहे. कॅप्टन भूपेन वीस वर्षांनी मंगळावर परत येतो, त्या मुलीला न्यायला. ती तिथेच थांबलेली असते, आणि म्हातारी झालेली नसते, कारण मंगळाचं वर्ष मोठं. तेच यान, तोच चंदेरी कोट (गाडीच्या कव्हरचा, उंदरांनी एक बाही खाल्ली आहे), पाठीवर तोच फवारणीचा पंप ऑक्सिजन म्हणून. आणि तीच जागा, नंदुरबारबाहेरची मिरचीची पथारी. ओली लाल मिरची वाळायला एकरच्या एकर पसरलेली. ड्रोनमधून बघितलं की नंदुरबार संपतं आणि मंगळ सुरू होतो, हे तूच म्हणाली होतीस.

तू नसलीस तर पिक्चर नाही. फक्त शेवटचा सीन आहे, अर्ध्या दिवसाचं काम. व्यापारी म्हणतो फेब्रुवारी संपायच्या आत पथारी उचलणार. आणि आमचे हिंमतराव, म्हणजे वडील, त्यांनी जेवताना ताटावरच निकाल दिला. होळीनंतर कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही आणि मेमध्ये दाखवतील त्या मुलीला हो म्हणायचं.

पहिल्या भागाचा शेवटचा शॉट रोज लावतो. एक मिनिट अकरा सेकंद. मी "येथे कोणी नाही" म्हणून यानाकडे वळतो, आणि तू मागे उभी राहून रडतेस. आधी डावा डोळा भरतो. ग्लिसरीन आणलंच नव्हतं आपण. तसं खोटं कोणी रडूच शकत नाही, एस्तेर. ते माझ्यासाठी होतं. मग तीनच दिवसांनी मी विचारलं तेव्हा तू नाही का म्हणालीस? दोन वर्षं झाली, हे एक गणित मला सुटत नाही.

ये. सीन कर. आणि त्या गणिताचं उत्तर दे.

भूपेंद्र


चिंचपाडा
१३ जानेवारी

भूपेंद्र,

आमच्या हॉस्टेलवर पत्र येणारी मी एकटीच. सगळ्या मुलींनी लिफाफा उन्हात धरून बघितला, मग मला दिला.

रडणं मिरचीचं होतं. दहा एकर मिरची, वरून वारा, कुणीही रडेल. धर्मेंद्र तर शिंकून शिंकून अर्धमेला झाला होता. सुटलं का गणित?

मी येणार नाही. लॅबच्या कोर्सची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. दिवसभर लोकांचं रक्त काचेवर पसरून बघते, मला तेवढा लाल रंग पुरतो. आणि आणखी एक, दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगते. व्याऱ्याच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं आहे, सॅम्युअल नाव. ईस्टरपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

तू पिक्चरबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगते. तुझ्या मंगळावर एकच माणूस आहे आणि तो सारखा स्वतःशीच बोलतो. मी त्यात होते, पण मी फक्त त्याच्या पाठीमागे उभी होते. तू दुसरा भाग काढशील तेव्हा तोच माणूस पुन्हा येऊन पुन्हा तेच बोलणार. कशाला?

नंबर उघडणार नाही. लिहायचं तर लिही. वाचीन, एवढंच.

एस्तेर


कळसाडी
१९ जानेवारी

एस्तेर,

खोटं. धादांत खोटं, आणि सिद्ध करून दाखवतो. मी अर्धा का होईना, विज्ञानाचा विद्यार्थी आहे.

तुझं पत्र वाचलं, मोटरसायकल काढली आणि सरळ नंदुरबारच्या पथारीवर जाऊन तासभर उभा राहिलो. दहा मिनिटांत दोन्ही डोळे सुजले. नाक गळायला लागलं. खोकला असा की एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "भाऊ, दवाखानामा सोडू का?" घरी येऊन तुझा शॉट पुन्हा लावला. तुझं नाक कोरडं. खोकला नाही. तू पापणीसुद्धा मिटत नाहीस. मिरचीने रडणारा माणूस असा रडत नाही, एस्तेर. मिरची तुला लागतच नव्हती. तू मनातून रडत होतीस आणि ते कबूल करायची तुझी हिंमत नाही.

आणि हा सॅम्युअल कोण? त्या मास्तरला मंगळ आकाशात कुठल्या बाजूला असतो ते तरी माहीत आहे का? विचार त्याला.

माझ्याकडे दिवस नाहीत. व्यापारी आता दर खेपेला नवीन तारीख सांगतो. घरात वडील माझ्याशी बोलत नाहीत, आई फक्त भाकरी वाढताना बोलते. झोप उडाली आहे. ऊस बघितला की वाटतं, ह्याच उसात उभा राहून केस पांढरे होणार आणि एका मिनिट अकरा सेकंदांचं उत्तर मिळणार नाही.

२६ तारखेला रविवार आहे. तुझ्या हॉस्पिटलच्या गेटसमोर येऊन उभा राहीन. तू खाली येऊन खरं सांगेपर्यंत हलणार नाही. कुणी हाकलून दाखवावं.

भूपेंद्र


चिंचपाडा
२८ जानेवारी

भूपेंद्र,

तू उभा राहशील याची खात्री होती. पण तो चंदेरी कोट आणि पंप घालून येशील असं वाटलं नव्हतं.

नऊ ते चार. पेशंटांचे नातेवाईक तुझ्यासोबत फोटो काढत होते. एका म्हातारीने तुला लसीकरणाची जाहिरात समजून हात पुढे केला. माझ्या मैत्रिणी खिडकीत पोट धरून हसत होत्या. मला हसू आलं नाही. सात तास माझ्या कामाच्या जागेसमोर उभं राहून तू मला काय सांगत होतास? की माझ्या ‘नाही’ला काही अर्थ नाही. पुन्हा असं केलंस तर मी बाबांना बोलवीन, आणि पत्रं न फोडता परत पाठवीन. हे नीट वाच.

मॅडमनी विचारलं, "ओळखतेस का गं त्याला?" मी म्हणाले, नाही.

म्हणून गेले आणि खिडकीपासून मागे सरले. कारण आपल्या माणसाला ओळखत नाही म्हणायची माझी ही दुसरी वेळ. पहिल्या वेळेचं आता सांगते. तुझ्या धमकीने नाही. दोन वर्षं मीच ते गिळून बसले आहे म्हणून.

तुझं बरोबर आहे. मिरची मला लागत नाही. मी पथारीवर वाढले. दर वर्षी दिवाळी झाली की माझे आईबाबा, सोनीबाई आणि सुकराम, नवापूरच्या डोंगरातून नंदुरबारला यायचे. पथारीच्या कडेला पालात राहायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि दिवसभर मिरचीचे देठ खुडायचे. सातव्या वर्षी मला आश्रमशाळेत घातलं, तोवर मी तिथेच मिरचीच्या ढिगावर झोपायचे. कॉलेजात मी कुणाला हे सांगितलं नाही. तुला तर नाहीच. तुझी बागायत, तुझी मोटरसायकल. मी म्हणाले होते, आईबाबा गावी शेती करतात.

शूटिंग कोणत्या पथारीवर ते तू मला त्याच सकाळी सांगितलंस. मी पोचले तर पंधरा-वीस बाया ओळीने बसलेल्या. तिसरी माझी आई. सगळ्यांची तोंडं बांधलेली असली तरी आईचे हात मला कळतात.

तू हेल्मेट घालून आलास, हात झटकलेस आणि ओरडलास, "ए बाया, उठा, बाजूला व्हा. मंगळावर बाया नसतात."

सगळे हसले. बाया उठल्या. आईने माझ्याकडे बघितलं. माझे ते शूटिंगचे कपडे, तो मेकअप. मग तिने फडकं डोळ्यांपर्यंत वर ओढलं, टोपली उचलली आणि पत्र्याच्या शेडमागे गेली. दोन तास त्या तिथे बसून होत्या. आणि मी? "ही माझी आई आहे" एवढं मला म्हणता आलं नाही. तू "येथे कोणी नाही" म्हणून वळलास तेव्हा मी तुझ्या पाठीकडे बघत नव्हते. तुझ्या खांद्यावरून तो पत्रा दिसत होता.

तुझं गणित सुटलं. माझं सुटलेलं नाही. आई त्या दिवसाबद्दल आजवर एक शब्द बोललेली नाही, मीही नाही.

एस्तेर


कळसाडी
२ फेब्रुवारी

एस्तेर,

गेटसमोर परत येणार नाही.

ते वाक्य मला आठवतं. लोक हसले म्हणून मी ते दुसऱ्यांदा म्हणालो होतो. तू लिहिलं नाहीस, पण तू ऐकलं असशील.

पिक्चर यूट्यूबवरून काढला. धर्मेंद्र म्हणाला, "तुन्हं डोकं फिरनं का? दोन वर्षनी मेहनत शे." मी लॅपटॉप बंद करून त्याच्या अंगावर फेकला. त्याने झेलला, म्हणून वाचला. त्याला कारण सांगितलं नाही.

एवढे दिवस तुझा चेहरा मोठा करून करून बघत होतो. आज फ्रेमच्या कडेला बघितलं. एकोणचाळिसाव्या सेकंदाला शेडच्या कोपऱ्यातून एका बाईची टोपली दिसते, अर्धी. एडिटिंगच्या वेळी मी ती घालवायचा प्रयत्न केला होता. नीट गेली नव्हती.

भाग दोन होणार नाही.

भूपेंद्र


कळसाडी
९ मार्च

एस्तेर,

पाच आठवडे लिहिलं नाही. लिहिता येत नव्हतं, खरोखर. बोटं पेनावर मिटत नव्हती. सांगतो.

माफी मागायला पथारीवर गेलो. तीनशे बाया, सगळ्यांची तोंडं बांधलेली. विचारलं, "एस्तेरची आई कोण?" एकीनेही मान वर केली नाही. सोनीबाई म्हणून हाक मारली. खुडणं चालूच. पांढरे कपडे घातलेला पोरगा नाव विचारत फिरतो म्हटल्यावर त्या काय सांगणार? दुसऱ्या दिवशी गेलो, तेच. तिसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "काम करनं हुई तं बस, नही तं वाट मोकळी कर." डोकं फिरलेलंच होतं. बसलो.

दुपारपर्यंत हात पेटले. मी गाढव, हौदावर जाऊन पाण्याने चोळचोळून धुतले. आग कोपरापर्यंत चढली. मी उडत होतो अक्षरशः, आणि सगळी ओळ फडक्याआड हसत होती. शेजारच्या बाईने कमरेची बाटली काढली. "पानी नको रे येडा. तेल. आनि काम करानं पहिले लावतस, मंग नही." माझे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेऊन तिने तेल चोळलं. मी वीस दिवसांत एवढ्या एकाच वेळी रडलो नाही, कारण लाज वाटली.

रोज तिच्याच शेजारी बसायचो. शहाद्याहून पहाटेची बस. घरी सांगितलं, नोकरी लागली. ती कमी बोलायची. सहाव्या दिवशी खुडता खुडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिन तुन्हा पंप गळी ऱ्हायंता."

मला आधी कळलंच नाही. मागून मुकादमाने तिला सोनीबाई म्हणून हाक मारली, मग कळलं.

एस्तेर, मी दोन वर्षांपूर्वी तिथे चंदेरी कोटात हिरो म्हणून उभा होतो, आणि तुझी आई पत्र्यामागून माझा पंप गळतो आहे हे बघत होती. पँट भिजली असेल माझी. कुणी सांगितलं नव्हतं. मी मिरचीवरच तिच्या पायाशी डोकं टेकलं. ती म्हणाली, "ऊठ, माल बिघडस." बस. माफी वगैरे काही नाही. तू तिची मुलगी आहेस हे तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. तुमच्या दोघींमध्ये जे आहे त्यात मी शिरलो नाही, एवढी तरी अक्कल ठेवली.

पिक्चर करायचा नाही असंच होतं. पण शेवटच्या आठवड्यात तीच म्हणाली, "तुन्हं ते मंगळनं काय व्हयनं?" मी म्हणालो, मंगळावर जायला मला तोंड नाही. ती म्हणाली, "आम्ही शेतस ना आठे."

‘आम्ही आहोत ना इथे’ हे ऐकून मी जुनी सगळी गोष्ट फाडली. २३ तारखेला, पथारी उचलायच्या दोन दिवस आधी शूटिंग केलं, रविवारी दुपारी. तुझी भूमिका काढली. वाट बघत उभी राहणारी मुलगी नाहीच. कॅप्टन उतरतो, मंगळभर बाया बसलेल्या आहेत आणि तो त्यांच्यातून चालतो, पण त्याला त्या दिसत नाहीत. कारण त्याच्या हेल्मेटच्या काचेवर त्याचाच चेहरा पडलेला. तू म्हणाली होतीस ना, एकच माणूस आणि तो स्वतःशीच बोलतो? तेच घेतलं, जसंच्या तसं. तो मधोमध उभा राहून पहिल्या भागातलं वाक्य म्हणतो, "येथे कोणी नाही." इथे संपायचं होतं.

पण सोनीबाईंनी खुडणं थांबवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हाई पहिले काढ. तुले दिसत नही."

हे मी लिहिलेलं नव्हतं. चाळीस बाया हसल्या. मी हेल्मेट काढलं. मिरची सरळ डोळ्यांत. नाक, खोकला, सगळं. धर्मेंद्रने कॅमेरा बंद केला नाही. तो नंतर म्हणाला, "जिंदगीमा पहिल्यांदा तू बरं काम करं." ते रडणं मिरचीचंच होतं, लिहून देतो. तुझ्याबाबतीत मी चुकलो, स्वतःच्या बाबतीत चुकत नाही.

सोबत पेनड्राइव्ह आहे. चौदा मिनिटं. पहिल्यापेक्षा चांगला झाला आहे का ते मला कळत नाही. छगनकाकांनी बघितला, उठून गेले, दुसऱ्या दिवशी चहा पाजला.

होळी चार दिवसांवर आहे. वडिलांना शब्द दिला तो पाळीन, कॅमेरा धर्मेंद्रला देऊन टाकला. लग्नाच्या मुलीचा शब्द मी दिलेला नाही. मी तुला फसवणार नाही, प्रश्न माझा तोच आहे जो दोन वर्षांपूर्वी होता. तो गेलेला नाही. सकाळी उठतो तेव्हा छातीवर बसलेला असतो. तू पिक्चर बघून हो म्हणावंस म्हणून हे केलं का? पहिल्या दिवशी, हो. शेवटच्या दिवशी तेवढं नाही. खरं सांगायचं तर तेवढंच बदललं आहे.

ईस्टर जवळ आला. गेटसमोर येणार नाही. फक्त उत्तर पाठव, काहीही असो. न कळवता सोडू नकोस, एवढी भीक घाल.

भूपेंद्र


गावी, ता. नवापूर
२२ एप्रिल

भूपेंद्र,

परीक्षा संपवून ईस्टरला घरी आले. तुझा पेनड्राइव्ह महिनाभर माझ्या पेटीत होता. मी एकटीने बघायला घाबरत होते.

रविवारी उपासना झाल्यावर शेजारच्या जसोदाबाईंच्या टीव्हीवर लावला. भर दुपारी, खिडकीला पोतं लावून. अर्धा पाडा आत, अर्धा दारात. माझ्या आईने घरी कुणाला सांगितलंच नव्हतं की ती पिक्चरमध्ये आहे. ती पडद्यावर आली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "ही तर आपली." आणि तिने "हाई पहिले काढ" म्हटलं तेव्हा घर असं हसलं की मागे रिवाइंड करावं लागलं. तीनदा.

दुसरा पहिल्यापेक्षा चांगला आहे. खूप. पहिला मी कधी पूर्ण बघितला नव्हता. तू विचारलं होतंस म्हणून सांगते.

शेवटी नावं येतात त्यात आईने विचारलं, "यामा मन्हं कोनतं?" तिला वाचता येत नाही. मी थांबवून दाखवलं, सोनीबाई, सगळ्यांच्या वर. तिने काचेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग लोक गेल्यावर, भांडी घासताना, मी म्हणाले. दोन वर्षांनी. म्हणाले, आई, त्या दिवशी मी तुला बघितलं होतं. ती म्हणाली, "माहीत शे. म्हणून तं फडकं वर ओढं." माझं तोंड पडू नये म्हणून, म्हणाली. आणि घासायला लागली. मी राखेच्या हातांनी तिथेच बसले. हे तुझ्यामुळे झालं, ते मी नाकारणार नाही.

आता उत्तर. सॅम्युअलला मी हो कळवलं आहे. तुझ्यावर रागावून नाही आणि तुला धडा म्हणून नाही. पहिल्या भेटीतच त्याने विचारण्याआधी मी त्याला सांगून टाकलं, माझी आई पथारीवर मिरची खुडते. सांगताना जीभ अडली नाही. तुझ्यासमोर ती कायम अडायची, भूपेंद्र. त्यात सगळा दोष तुझा नव्हता. पण ज्याच्यासमोर जीभ अडते तिथे मी राहू शकत नाही, तू आता कितीही बदललास तरी.

हे वाचून तुला काय होईल ते मला दिसतं आहे. कुणाच्या अंगावर काही फेकू नकोस. गेटवर उभा राहिला नाहीस, त्याबद्दल बरं वाटलं.

पेनड्राइव्ह परत पाठवत नाही. आईने तो तेलाच्या बाटलीशेजारी, फडक्यात बांधून ठेवला आहे. मी लिहिते आहे आणि ती शेजारी बसून विचारते आहे, तो पोरगा दिवाळीनंतर खुडायला येणार का. हात चालतो म्हणते. फक्त देठ लांब ठेवतोस.

एस्तेर